दुसरा मासा आणण्यापूर्वीं

घरांत कांचेची नवी पेटी येते. तळाशीं रंगीत वाळू पसरतात, नळाचें स्वच्छ पाणी भरतात, हवेचा लहानसा पंप सुरू होतो, आणि त्याच सायंकाळीं पिशवींत घालून आणलेले सहा-सात मासे पाण्यांत सोडले जातात. मुलें शेजारच्या सवंगड्यांना बोलावून आणतात. दोन दिवस घरांत दुसरें बोलणें नसतें. तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशीं सकाळीं एक मासा उताणा तरंगतांना दिसतो. दुसऱ्या दिवशीं आणखी दोन. अंगावर जखम नाहीं, डाग नाहीं, पाणी तर आरशासारखें निर्मळ. मग वडील मंडळी तीनपैकीं एक निदान करितात. दुकानदारानें रोगट मासे गळ्यांत मारले. किंवा घरावर कांहीं अरिष्ट यावयाचें होतें, तें माशानें आपल्यावर घेतलें. किंवा माशांचें आयुष्यच तेवढें. आणि मूल शाळेंतून परत येण्याच्या आंत त्याच रंगाचा, त्याच आकाराचा दुसरा मासा आणून पेटींत सोडण्यांत येतो.

मेलेल्याच्या जागीं गुपचूप दुसरा आणून सोडण्याचा हा जो शेवटचा प्रकार, त्याविरुद्ध चार शब्द लिहिण्याचा या लेखाचा हेतु आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, पहिला मासा कां मेला हें कळल्यावांचून दुसरा मासा घरांत आणूं नये. न कळतां आणल्यास तोही बहुधा त्याच वाटेनें जातो, हें तर झालेंच. परंतु मुलाच्या मनांत उठलेला एक चांगला प्रश्नही त्याबरोबर मरतो, आणि ही दुसरी हानि पहिलीहून लहान नव्हे.

प्रथम एवढें ध्यानांत घ्यावें कीं, नव्या पेटींतील बहुतेक मरणांत गूढ असें कांहीं नसतें. त्यांचें कारण डोळ्यांस दिसत नाहीं, इतकेंच. तें शोधून काढतां येतें, आणि शोधण्याची ही परंपरा या छंदाइतकीच जुनी आहे. लंडन येथील रॉबर्ट वॉरिंग्टन नांवाच्या रसायनशास्त्रज्ञानें कांचेच्या एका भांड्यांत दोन सोनेरी मासे व पाण्याखालीं वाढणारी एक वनस्पति ठेविली होती. वनस्पति प्राणवायु पुरवील व मासे जगतील, असा त्याचा अंदाज होता. परंतु कांहीं काळानें वनस्पतीचीं जुनीं पानें कुजूं लागलीं आणि पाणी गढूळ झालें. वॉरिंग्टननें नवे मासे आणण्याची घाई केली नाहीं. पाणी कां बिघडलें तें पाहिलें. कुजकीं पानें हें कारण सांपडतांच त्यानें तीं खाणाऱ्या लहान गोगलगाई भांड्यांत सोडल्या, आणि पाणी पुनः निवळलें. हा वृत्तांत त्यानें १८५० सालीं तेथील रासायनिक संस्थेपुढें मांडला. पुढें १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत लोकांसाठीं मत्स्यगृह उघडलें, आणि १८५४ सालीं फिलिप हेन्री गॉस याच्या पुस्तकानें ही हौस इंग्लंडांत घरोघरीं पोंचविली. आज आपल्या दिवाणखान्यांत जी पेटी शोभेसाठीं ठेविलेली असते, तिच्या मुळाशीं असा एक 'कां?' आहे.

वॉरिंग्टनला जें ठाऊक नव्हतें तें आज आपणांस ठाऊक आहे. मासा अन्न खातो. त्यांतील नत्रयुक्त भागापासून त्याच्या शरीरांत अमोनिया तयार होतो आणि तो मुख्यतः कल्ल्यांवाटें पाण्यांत सोडला जातो. न खाल्लेलें अन्न कुजलें म्हणजे त्याचाही अमोनियाच होतो. नदींत वा मोठ्या तळ्यांत तो अफाट पाण्यांत विरून जातो. पेटींत त्यास जावयास वाट नाहीं. दारें-खिडक्या लावून, आंत कोळशाची शेगडी पेटती ठेवून निजलेल्या माणसाची जी स्थिति, तीच या माशांची होय. विष बाहेरून कोणीं घातलेलें नसतें. तें आंतल्या आंत सांचतें.

तें किती सांचलें म्हणजे घात होतो, याचा हिशेब विद्यार्थ्यांनीं एकदां कागदावर करून पाहावा. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशा पेटींत कांठोकांठ भरल्यास सुमारें ५६ लिटर पाणी मावतें; वाळू वगैरे वजा जातां ५० लिटर धरूं. मुक्त स्वरूपांतील अमोनिया लिटरमागें ०.०५ मिलिग्रॅमवर गेला कीं कल्ल्यांना इजा होऊं लागते. म्हणजे साऱ्या पेटींत मिळून अवघा अडीच मिलिग्रॅम, साखरेच्या चार-पांच कणांच्या वजनाइतका! एवढ्यानें पाण्याचा रंग पालटत नाहीं कीं त्यास वास येत नाहीं. म्हणून 'पाणी तर अगदीं स्वच्छ होतें' ही साक्ष या खटल्यांत निरुपयोगी समजावी.

येथें आणखी एक बारीक गोष्ट आहे. अमोनिया पाण्यांत दोन रूपांनीं राहतो; त्यांतील एक फारसें बाधत नाहीं, दुसरें मात्र विषारी असतें. २५ अंश सेल्सिअस उष्णमानास पाण्याचा सामू ७ असेल, तर विषारी रूपाचें प्रमाण शेंकडा अर्ध्याच्या आसपास असतें. सामू ८ झाला कीं तेंच शेंकडा पांचाच्या वर जातें. एकाच दुकानांतून, एकाच दिवशीं आणलेले मासे एका घरीं जगतात व शेजारच्या घरीं मरतात, याचें एक कारण हें आहे. एका घरीं नळाचें मृदु पाणी असतें, दुसऱ्या घरीं कूपनलिकेचें क्षारयुक्त. नशीब दोघांचें निराळें नसतें, पाणी निराळें असतें.

आतां चौकस मुलगा विचारील कीं, डांस होऊं नयेत म्हणून गांवच्या हौदांत आणि विहिरींत गप्पी मासे सोडतात. त्यांना कोणी पंप लावीत नाहीं, औषध घालीत नाहीं. ते कसे जगतात? हा प्रश्न लाख मोलाचा आहे. विहिरींत पाणी पुष्कळ व मासे थोडे, हें उत्तराचें अर्धें अंग झालें. दुसरें अर्धें अंग त्या विहिरीच्या दगडांवरील बुळबुळीत थरांत आहे. त्या थरांत कोट्यवधि सूक्ष्म जंतु राहतात. त्यांतील कांहीं अमोनियाचा नायट्राइट करितात, दुसरे कांहीं त्या नायट्राइटाचा नायट्रेट करितात. आणि नायट्रेट हा माशांस पुष्कळच कमी बाधक असून वनस्पतींचें तर तें खाद्यच आहे. हें रूपांतर जिवंत जंतु करितात व त्यावरच आपली उपजीविका चालवितात, ही गोष्ट रशियन शास्त्रज्ञ सर्गेइ विनोग्राद्स्की यानें १८९० च्या सुमारास सिद्ध केली. घरगुती पेट्यांत दुसऱ्या पायरीचें काम नायट्रोस्पायरा जातीचे जंतु करितात, असें १९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें दाखविलें.

जुन्या पेटींतील वाळूवर, कांचेवर व विशेषतः फिल्टरच्या स्पंजांत हे जंतु वस्ती करून असतात. नव्या, घांसूनपुसून लख्ख केलेल्या पेटींत त्यांची वस्ती नसते. आपल्या आयाबहिणींस हें चटकन् पटेल. उत्तम दूध, स्वच्छ भांडें, योग्य ऊब, सारें असलें तरी विरजणावांचून दहीं लागत नाहीं. आणि विरजण घातल्यावरही रात्रभर वाट पाहावी लागते. पेटीचें विरजण लागावयास मात्र रात्र पुरत नाहीं. साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यांत अमोनिया चढतो. तो उतरूं लागला कीं नायट्राइट चढतो, आणि पहिल्या संकटांतून वांचलेले मासे तिसऱ्या आठवड्यांत दगावूं लागतात. नायट्राइट रक्तांत शिरून त्याची प्राणवायु वाहण्याची शक्ति हरण करितो. रक्त तपकिरी पडतें आणि भोंवतालीं प्राणवायु असूनही मासा गुदमरतो. हाही चढ उतरला म्हणजेच पेटी राहण्याजोगी झाली असें समजावें. आपण मात्र घर बांधून पुरें होण्यापूर्वींच पाहुण्यांस बोलावितों, आणि छप्पर अंगावर पडलें म्हणजे पाहुण्यांच्या प्रकृतीस दोष देतों.

सर्वच मरणें अमोनियानें होतात असें मात्र नव्हे, आणि येथेंच तपास करण्याची खरी जागा आहे. मरण कसें आलें हें पाहिलें म्हणजे तें कशानें आलें याचा पुष्कळसा माग लागतो. पेटी भरल्यापासून कांहीं तासांतच सर्व मासे एकदम तडफडूं लागले, तर नळाच्या पाण्यांतील क्लोरीनवर संशय घ्यावा. पिण्याचें पाणी आपणांस निर्धोक व्हावें म्हणून नळाच्या टोंकापर्यंत लिटरमागें निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरावा असें भारतीय मानक सांगतें. आपल्या पोटास जें रक्षक तेंच माशाच्या नाजूक कल्ल्यांस भक्षक ठरतें. पेटी महिनोन्महिने उत्तम चालली असून एका रात्रींत सारे मासे गेले, तर घरांत डांसांचा किंवा झुरळांचा फवारा मारला होता काय, हें विचारावें. अशा फवाऱ्यांत बहुधा असणारीं पायरेथ्रॉइड जातीचीं द्रव्यें माशांस अत्यंत विषारी असतात, आणि हवेचा पंप खोलींतील हवाच ओढून पाण्यांत सोडीत असतो. पहाटे मासे पृष्ठभागाशीं येऊन तोंडें उघडूं-मिटूं लागले, तर प्राणवायु कमी पडला असा तर्क करावा. कल्ले दुखावले असतांही मासे असेंच करितात, म्हणून या वेळीं अमोनियाही तपासावा. २० अंश उष्णमानास एका लिटर पाण्यांत सुमारें ९ मिलिग्रॅम प्राणवायु विरघळूं शकतो, ३० अंशांस तो साडेसातावर येतो. वैशाखांतील दुपारीं वीज जाऊन पंप बंद पडला म्हणजे दाटीच्या पेटींत काय होत असेल, याची कल्पना यावरून करावी. आणि एकेक मासा दिवसांमागून दिवसांनीं, निस्तेज होऊन, खाणें सोडून मरूं लागला, पेटीही नवीनच आहे, तर प्रथम अमोनिया व नायट्राइट तपासावे. अंगावर पांढरे ठिपके, कापसासारखे पुंजके किंवा झडलेले पर दिसले तरच रोगाचा विचार करावा. आणि तेव्हांही पाणी आधीं तपासावें, कारण बिघडलेल्या पाण्यांत अशक्त झालेल्या माशासच रोग लवकर गांठतो.

आमच्याकडे याच्या नेमकें उलट घडतें. पहिला मासा मेला कीं दुकानांतून निळ्या औषधाची बाटली येते आणि पाणी निळें करून सोडतात. त्या मेथिलीन ब्लूनें पेटींत नुकतेच वस्ती करूं लागलेले उपकारक जंतुही मरूं शकतात. मग सारें पाणी ओतून टाकतात, वाळू व स्पंज नळाखालीं घांसून धुतात, आणि उरलेसुरले जंतुही वाहून जातात. तिसऱ्या दिवशीं अमोनिया पुनः चढतो. स्वच्छतेचा जितका अतिरेक, तितका नाश अधिक, असा हा विपरीत प्रकार आहे.

योग्य उपाय साधे आहेत. अमोनिया, नायट्राइट व सामू मोजण्याचीं थेंबांचीं साधनें मिळतात. सात माशांऐवजीं दोन घेतले तर उरलेल्या पैशांतून तीं विकत घेण्यास बरीच मदत होईल. विष चढलेलें दिसलें तर खाणें एक-दोन दिवस बंद ठेवावें. धडधाकट माशास त्यानें अपाय होत नाहीं. पाण्याचा चौथा किंवा तिसरा हिस्सा बदलावा, व जरूर तर दुसऱ्या दिवशीं पुनः बदलावा. नवें पाणी सोडियम थायोसल्फेटसारख्या क्लोरीननाशकाचे थेंब घालून मगच ओतावें. पसरट भांड्यांत दिवसभर उघडें ठेविल्यानेंही साधा क्लोरीन उडून जातो. परंतु पाण्यांत क्लोरामिन असेल तर तें असें जात नाहीं. नवें पाणी जुन्याइतकेंच ऊन वा थंड असावें. स्पंज पेटींतूनच काढलेल्या पाण्यांत हलकेच पिळावा, नळाखालीं कधींही धरूं नये. आणि नव्यानें आरंभ करावयाचा असेल तर पेटी रिकामीच चालू ठेवून रोज माशांच्या खाण्याची चिमूट टाकावी, म्हणजे तें कुजून जंतूंस अमोनिया मिळतो. एखाद्या निरोगी जुन्या पेटींतील स्पंजाचा तुकडा आणून फिल्टरमध्यें ठेविला तर काम पुष्कळ लवकर होतें. चिमूट टाकणें चालू असतांही मोजणींत अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य येऊं लागले, म्हणजे दोन मासे आणावेत. दोनच.

यावर पालक म्हणतील, 'हें सारें खरें. पण रडणाऱ्या मुलास सहा आठवडे रिकामी पेटी कशी दाखवावी? आणि पंचवीस-तीस रुपयांच्या माशासाठीं एवढा खटाटोप कशास?' पहिला आक्षेप मायेंतून येतो, म्हणून त्याचा आदर केला पाहिजे. परंतु मूल रडतें तें मासा मेला म्हणून. त्या रडण्यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं आणि तें तात्काळ थांबविलेंच पाहिजे असेंही नाहीं. मुलाच्या आयुष्यांतील तें बहुधा पहिलें मरण असतें. त्या वेळीं आपण त्यास काय शिकवितों? मासा बदलून ठेविला तर मूल हें शिकतें कीं, जीव गेला तर तसाच दुसरा विकत मिळतो. आणि बदल ओळखूं आल्यास (मुलांस तो बहुधा ओळखूं येतोच) हेंही शिकतें कीं, अवघड प्रसंगीं वडील माणसें खरें सांगत नाहींत. याच्या उलट, 'हा कां मेला तें आपण दोघें मिळून शोधूं', असें बापानें म्हटलें, तर रिकामी पेटी रिकामी राहत नाहीं. तींत रोज कांहीं घडत असतें, आणि तें मोजण्याचें काम मुलाच्या हातीं असतें. अमोनियाचा आंकडा चढतांना व पुढें उतरतांना ज्या मुलानें आपल्या हातानें आलेख काढला, त्यास न दिसणाऱ्या जीवांचें कार्य पाठ्यपुस्तकांतून घोकावें लागणार नाहीं.

दुसऱ्या आक्षेपास उत्तर थोडकें आहे. माशाची किंमत दुकानानें ठरविली आहे. त्याच्या गुदमरण्याची किंमत कोणीं ठरविलेली नाहीं. फायटर मासा बाटलींत जगतो, हें उदाहरण नेहमीं पुढें करितात. त्यास पाण्यावर येऊन हवेंतून श्वास घेण्याची सोय निसर्गानें दिली आहे, म्हणून तो लवकर मरत नाहीं, एवढेंच त्यावरून सिद्ध होतें; विषारी होत जाणारें पाणी त्यासही सोसावेंच लागतें.

कोणी हळवे सज्जन याच्याही पुढें जाऊन म्हणतात कीं, पेटीच नको. मासे नदींत सोडून द्यावे. पेटी न आणण्याचा त्यांचा निश्चय आम्हांस मान्य आहे; ज्यास वेळ नाहीं त्यानें ती आणूंच नये. परंतु विकत घेतलेले परदेशी मासे नदींत सोडणें ही दया नव्हे. दक्षिण अमेरिकेंतील सकर मासा पेट्यांसाठीं आणला गेला. आज तो आपल्या देशांतील अनेक नद्यांत व तलावांत आढळूं लागला असून कोळ्यांच्या जाळ्यांची व स्थानिक माशांची हानि करीत आहे. एका पेटींतील चूक नदीच्या गळ्यांत बांधण्याचा अधिकार आपणांस नाहीं.

अधिकाराचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतों. सृष्टीच्या उत्पत्तीचा वृत्तांत आमच्या शाळेंतील मुलें प्रार्थनेच्या तासास लहानपणींच ऐकतात. समुद्रांतील माशांवर मनुष्यास सत्ता दिली, असें त्यांत आहे. ही सत्ता धन्याची नव्हे, कारभाऱ्याची आहे. आणि धनी व कारभारी यांत भेद हा कीं, कारभाऱ्यास हिशेब द्यावा लागतो. निळें आकाश आणि वाहती नदी यांचा कारभार विद्यार्थ्यांच्या हातीं अद्याप आलेला नाहीं. पन्नास लिटर पाण्याचा कारभार मात्र त्यांच्या हातीं खरोखरच आहे, आणि त्या पाण्यांतील जीवांस त्यांच्यावांचून दुसरें कोणी नाहीं.

म्हणून पालकांस विनंति अशी कीं, पुढील वेळीं मासा मेला तर दुकानाची वाट धरण्यापूर्वीं मुलाच्या हातीं एक चाळीस पानी वही द्यावी. तींत तारीख, पाण्याचें उष्णमान, सामू, अमोनिया, नायट्राइट, काय खावयास घातलें व घरांत फवारा मारला काय, असे रकाने पाडावेत. पहिल्या पानावर मेलेल्या माशाची नोंद करावी: तो कधीं आणला, कधीं मेला, मरण्यापूर्वीं काय करीत होता. ज्या दिवशीं त्या नोंदीपुढें कारणाचा रकाना भरतां येईल, त्या दिवशीं दुसरा मासा आणावयास हरकत नाहीं.